वाचतो नातू, आजारी आजोबा

गेल्या २९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिनानिमित्त आमच्या तालुक्याच्या गावी तपासणीचं शिबिर झालं. बीपी, शुगर, ईसीजी आटोपल्यावर थोडी चर्चा ठेवली होती. पाहुणे डॉक्टर पोटतिडकीनं बोलले. मोबाइलवर काहीबाही वाचून गोळ्या बंद करणारे पेशंट दर आठवड्याला आपल्याकडे येतात, तेव्हा इंटरनेटवर आजार शोधणं सोडा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर पुण्यात नोकरी करणारा गावचाच एक तरुण उठला. आता सगळं मराठीत मिळतं, बटण दाबलं की भाषांतर होतं, मग लोकांना माहितीपासून दूर का ठेवता, असं त्यानं विचारलं. पुढचा तासभर याच दोन टोकांत गेला. लोकांनी वाचावं की वाचू नये, एवढाच प्रश्न घोळत राहिला. सभागृहात स्टेंट टाकलेले, बायपास झालेले, झडप बदललेले निदान वीस-पंचवीस जण बसले होते. त्यांतल्या एकालाही कुणी मोबाइलवरचा एक उतारा वाचून दाखवला नाही आणि “काका, यातलं काय कळलं?” असं विचारलं नाही.

मला हा वाद मुळातच चुकीच्या जागी मांडलेला वाटतो. लोक वाचणारच आहेत. रात्री अकरा वाजता छातीत कळ आली, दवाखाना तीस किलोमीटरवर, घरात मोबाइल, तर माणूस मोबाइल उघडणार. त्याला अडवण्याचा अधिकार कुणाला नाही आणि ते कुणाच्या हातातही नाही. प्रश्न एवढाच आहे की त्याच्या हाती पडेल ती खरी माहिती त्याला वाचता येईल अशी लिहिलेली आहे का? माझं उत्तर स्पष्ट आहे, ती तशी नाही. आणि याचा दोष वाचणाऱ्याचा नसून लिहिणाऱ्याचा आहे. ज्याच्यासाठी माहिती लिहिली, त्याला ती वाचून दाखवल्याशिवाय आणि त्याच्या तोंडून परत ऐकल्याशिवाय ती लोकांपुढे ठेवूच नये. औषध बाजारात येण्याआधी माणसांवर तपासतात. मग औषध कसं घ्यायचं हे सांगणारी भाषा न तपासता कशी चालते?

हे मी माझ्या घरात पाहिलं. माझे मोठेबाबा (थोरले काका) सत्तरीला आलेले, आयुष्य कापसात गेलेलं. दोन वर्षांपूर्वी त्यांना अटॅक आला, एक स्टेंट पडला, गोळ्या सुरू झाल्या. चार महिन्यांनी दिवाळीत भेटायला गेलो, तर ते खाटेवर पडून. म्हणाले, लय अशक्तपणा वाटते. मोठी आई (काकू) हळूच म्हणाली, “दोन गोया त्याहीनं सोडल्या, आठ दिस झाले.” मी हादरलो. विचारलं तर मोठेबाबा अगदी शांतपणे म्हणाले, “ते रगत पातळ कऱ्याची गोई होती ना बापू. चार महिने खाल्ली. रगत तं पातळ झालंच अशीन. मंग आनखी कायले पातळ करा? म्हूनच तं अशक्तपणा येऊन रायला.”

या युक्तिवादात चूक कुठे आहे? त्यांच्या अनुभवाच्या जगात पातळ म्हणजे निकस. दूध पातळ, वरण पातळ, भिंतीचा गिलावा पातळ. सगळीकडे पातळ म्हणजे कस गेलेलं. त्यांना जे शब्द मिळाले, त्यांवरून त्यांनी बिनचूक अनुमान काढलं. वाक्यच फसवं होतं. अॅस्पिरिन असो की क्लोपिडोग्रेल, या गोळ्यांनी रक्त पातळ होतच नाही. रक्तातल्या बारीक चकत्या एकमेकींना चिकटून गुठळी धरू नये, एवढंच काम त्या करतात. नवा स्टेंट म्हणजे नळीत बसवलेली धातूची जाळी, आणि गुठळी धरायला ती सोयीची जागा. म्हणून अटॅकनंतर स्टेंट पडला की बहुतेकांना साधारण वर्षभर दोन्ही गोळ्या आणि पुढे एक गोळी कायम, असं सांगतात. नेमकं किती दिवस हे डॉक्टर ठरवतात. मधेच सोडल्या तर स्टेंट बंद पडून पुन्हा अटॅक येऊ शकतो, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो. मोठेबाबांच्या नातीनं मला मोबाइलवरची दोन पानं दाखवली. दोन्ही मराठीत, दोन्हींत चुकीचं असं काही नाही. एकात ‘रक्त पातळ करणारी औषधे’ एवढाच उल्लेख. दुसऱ्यात ‘प्रति-बिंबाणुक उपचारपद्धतीचे अनुपालन’ असं काहीतरी. पहिलं समजलं म्हणून घात झाला आणि दुसरं समजलंच नाही. त्याच रात्री डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आठ दिवस काही झालं नाही, हे नशीब.

आता डॉक्टरांच्या बाजूनं जे सगळ्यात वजनदार म्हणणं आहे ते आधी मान्य करतो, कारण वरच्याच गोष्टीतून ते निघतं. सोपं करायला गेलं की खरं सुटतं. ‘रक्त पातळ’ हे कुणीतरी सोपं करूनच सांगितलं होतं. हृदयाचे आजार एकसारखे नसतात. एकाला चालतं ते दुसऱ्याला मारक ठरतं. आपल्याकडे मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा सगळे सांगतात भरपूर पाणी प्या. पण ज्याचं हृदय कमजोर आहे आणि लघवी व्हायची गोळी चालू आहे, त्याला पाणी मोजून घ्यायला सांगितलेलं असतं, आणि त्याच उन्हात तो फार कोरडा पडला तरी धोका असतो. हे एका सोप्या वाक्यात बसत नाही. डॉक्टरांचा वैतागही खोटा नाही. ओपीडीत शंभर माणसं बसलेली असतात, एकेकाच्या वाट्याला जेमतेम तीन-चार मिनिटं येतात, आणि त्यातही आधी मोबाइलवरचं खोडून काढावं लागतं.

हे सगळं खरं धरूनही निष्कर्ष उलटाच निघतो. सोपं आणि स्पष्ट या दोन गोष्टी निराळ्या आहेत. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे सोपं आहे, स्पष्ट नाही. ‘ही गोळी स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ देत नाही. हिनं अंगातलं रक्त कमी होत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. दात काढायचा असेल तरी आधी विचारा.’ या चार वाक्यांत एकही अवघड शब्द नाही आणि वैद्यकाच्या दृष्टीनं यातलं काही चुकत नाही. अचूकपणा लांब शब्दांत राहत नाही. वाचणारा पुढे काय करील, याचा विचार लिहिताना केला असेल तर तो येतो. आणि पाण्याचं म्हणाल, तर ‘तुमच्या हृदयाचं काम कमी आहे असं सांगितलं असेल, तर उन्हाळ्यात पाणी किती आणि लघवीची गोळी किती, हे मार्च महिन्यातच डॉक्टरांना विचारून घ्या’ असं लिहिता येतंच की! प्रत्येकाचं उत्तर पानावर देता येत नसेल, तर निदान प्रश्न तरी त्याच्या हातात द्यावा. असा प्रश्न घेऊन आलेला पेशंट डॉक्टरांची मिनिटं वाचवतो.

दुसरीकडे खोटी माहिती कशी लिहिलेली असते, हे एकदा नीट पाहा. सकाळी उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या खा, ब्लॉकेज साफ. लिंबू, आलं, लसूण, सफरचंदाचा व्हिनेगर आणि मध एकत्र आटवा, बायपास टळेल. एकटे असताना अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा. हा शेवटचा निरोप तर वर्षानुवर्षं फिरतो आहे, आणि त्याच्या नादी लागून माणूस फोन करायचा वेळ खोकण्यात घालवतो. हे सगळं धादांत चुकीचं आहे, पण त्याचं मराठी बघा. लहान वाक्यं, ओळखीचे शब्द, स्वयंपाकघरातल्या वस्तू, आणि लगेच करता येईल असं एक काम. शेजारी खरी माहिती बसलेली असते ती ‘हृद्धमनी विकाराच्या रुग्णांनी संतृप्त मेदाचे सेवन मर्यादित ठेवून नियमित शारीरिक सक्रियता अंगीकारावी’ अशा धाटणीची. गावातला माणूस या दोघांतलं कुठलं उचलेल? तो खोट्याला भुलतो असं आपण म्हणतो. त्याच्याशी बोलायला खोट्याशिवाय कुणी आलंच नाही, असं म्हणणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

इंग्रजीत या प्रश्नाचा विचार बराच झाला आहे. रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ साली मजकूर वाचून समजायला किती सोपा आहे हे मोजायचं सूत्र दिलं. वाक्यं किती लांब आणि शब्दांत अक्षरावयव (उच्चाराचे तुकडे) किती, यावर ते उभं आहे. १९७५ मध्ये किंकेड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी नौदलासाठी ते असं बदललं की हा मजकूर कितव्या इयत्तेचा, हे कळावं. नौसैनिकांना यंत्रांच्या पुस्तिका समजाव्यात, हा हेतू होता. रुग्णांसाठीचं लेखन सहावीच्या पातळीचं असावं, अशी तिथल्या वैद्यक संघटनेची शिफारस आहे. आणि या सूत्रांनी हृदयविकाराची इंटरनेटवरची पानं मोजली, तेव्हा ती वारंवार त्याहून कितीतरी वरची, हायस्कूल-कॉलेजच्या पातळीची निघाली. म्हणजे हे दुखणं एकट्या मराठीचं नाही. पण ही सूत्रं उचलून मराठीला लावता येत नाहीत. ‘घरच्यांनासुद्धा’ हा शब्द लांबलचक आहे, पण तो पहिलीतल्या पोरालाही कळतो. ‘मेद’ दोन अक्षरांचा, पण तो मोठेबाबांना कळत नाही. आपल्याकडे अडचण शब्दाच्या लांबीत नसते. तो शब्द घरात बोलला जातो की नाही, यात असते.

आणि याहून मोठी गोष्ट ही सूत्रं धरतच नाहीत. ती असं समजून चालतात की वाचणारा आणि आजारी एकच आहे. आमच्याकडे तसं क्वचित असतं. आजारी आजोबा, वाचणारा नातू. मोबाइल नातवाचा, अक्षर नातवाचं, चष्मा आजोबांचा हरवलेला. नातू मोठ्यानं वाचतो, आजोबा ऐकतात, आजी चुलीपाशी बसून कान देते, आणि गोळ्यांचा डबा असतो आजीच्या ताब्यात! २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर आहे म्हणून ‘लोकांना वाचता येतं’ असं धरणाऱ्यांना हे चित्र दिसत नाही. पोथी लावणं, ग्रामगीतेचं सामुदायिक वाचन हे इथे पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं आहे. एकानं वाचायचं, दहांनी ऐकायचं. म्हणून आमच्यापुरती वाचनीयतेची कसोटी कानाची आहे. आठवीतल्या पोरानं एकदा न अडखळता मोठ्यानं वाचलं आणि ऐकणाऱ्याला ते आपल्या शब्दांत सांगता आलं, तर मजकूर पास.

“पण लोक अडाणीच आहेत, कितीही सोपं लिहा,” असं उघडपणे कुणी म्हणत नाही, पण मनात अनेकांच्या असतं. मला इथे २०१७ आठवतं. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हाही पहिली प्रतिक्रिया हीच होती की हातमोजे घातले नाहीत, तोंडाला बांधलं नाही, सूचना वाचल्या नाहीत. सूचना होत्या, त्यात शंका नाही. बाटलीसोबतच्या घडीपत्रकात, अनेक भाषांच्या गर्दीत, मुंगीएवढ्या अक्षरांत मराठीही होती. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. किती मजुरांना हे कुणी कधी सांगितलं होतं? माहिती छापली म्हणजे दिली, असं समजणाऱ्या व्यवस्थेत माणसं मेली. हृदयाच्या बाबतीत आपण तेच करतो आहोत. फरक एवढाच की इथे माणसं एकेक करून, आपापल्या घरात जातात, म्हणून बातमी होत नाही.

त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीनं विदर्भाचा कापूस खाल्ला, आणि त्यातून उलटा धडाही मिळाला. ‘कामगंध सापळा’ (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढून अडकवणारा) हा शब्द घ्या. कुणीतरी घडवलेला, संस्कृत वळणाचा, चांगला अवघड शब्द. आज तो बांधावरच्या कुठल्याही माणसाच्या तोंडी आहे. का? कृषी सहायकानं तो सापळा शेतात खुंटीला टांगून दाखवला, रोज किती पतंग अडकले ते मोजायला सांगितलं, किती झाले की फवारणी करायची ते सांगितलं. वस्तू दाखवली, काम सांगितलं, शब्द आपोआप बसला. ज्या माणसाला फेरफार, पैसेवारी, आठ-अ हे तलाठ्याच्या दप्तरातले शब्द कळतात, त्याला हृदयाचे शब्द कळणार नाहीत हे मी मानायला तयार नाही.

म्हणूनच शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्यांशीही मला थोडं भांडायचं आहे, आणि मी स्वतः मराठीचा शिक्षक असून भांडतो आहे. परिभाषा हवी, भाषा संचालनालयानं १९६० पासून केलेलं कोशांचं काम मोलाचं आहे, मराठीत वैद्यक शिकवायचं तर त्याशिवाय गत्यंतर नाही. पण कोश अभ्यासकासाठी असतो. आजाऱ्यासाठी लिहिताना जो शब्द त्याच्या तोंडी आहे तोच घ्यावा, मग तो इंग्रजीतून आलेला का असेना. ब्लॉकेज, स्टेंट, बीपी, शुगर, अटॅक हे आता मराठी शब्द आहेत, विहिरीवरच्या मोटरइतके मराठी. ‘उरोवेदना’ कुणाच्या छातीत होत नाही. कळ येते, छाती भरून येते, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. ‘झटका’ हा शब्द तर पानापानावर आहे आणि तो अटॅकलाही वापरतात, मेंदूच्या आजारालाही, मिरगीलाही आणि विजेलाही. मेंदूच्या त्या आजाराला आमच्याकडे लकवा म्हणतात, गाव उठून पळतं एवढा तो शब्द स्पष्ट आहे. तो का वापरत नाहीत?

सगळ्यात क्रूर शब्द मात्र दुसराच आहे. हृदयाची रक्त ढकलायची ताकद कमी झाली की त्या अवस्थेला इंग्रजीत ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात. मराठी पानांवर त्याचं ‘हृदय निकामी होणे’ झालं आहे, काही ठिकाणी ‘हृदय अपयश’. आणि गावात ‘हार्ट फेल झालं’ याचा अर्थ माणूस गेला. माझ्या एका विद्यार्थिनीनं आईच्या फाइलीतले दोन शब्द मोबाइलवर शोधले, समोर ‘हृदय निकामी’ आलं, आणि ती तीन दिवस शाळेत आली नाही. आईला तिनं सांगितलंही नाही. एकटीच रडत होती. ती आई आज दोन वर्षांनंतरही गोळ्यांवर आहे, सकाळी अंगण झाडते, बचतगटाच्या बैठकीला जाते. त्या पानानं पोरीला जे सांगायला हवं होतं ते असं. आईच्या हृदयाची ताकद कमी झाली आहे, बंद पडलेलं नाही. पायावर सूज येते का, रोजची चप्पल घट्ट होते का, झोपताना एकाच्या दोन उशा लागायला लागल्या का, रात्री दम लागून उठून बसावं लागतं का, हे बघत जा. यातलं काही वाढलं तर वाट पाहू नका. वजनकाटा असेल तर रोज सकाळी वजन करा, तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगात साचलेलं पाणी आहे, डॉक्टरांना कळवा. घरात काटा नसेल तर आशाताईंना विचारा. एवढं कळलं असतं, तर ती मुलगी रडत बसली नसती, आईची राखणदार झाली असती.

भाषांतराचं बटण या ठिकाणी कामाचं नाही, हे त्या पुण्याच्या तरुणाला मी नंतर चहा घेताना सांगितलं. भाषांतरानं शब्द बदलतात, गाव बदलत नाही. इंग्रजी पान सांगतं सॅल्मन खा, एवोकॅडो खा, ऑलिव्ह तेल वापरा. मराठीत आलेलं पानही तेच सांगतं. घरातली बाई ते वाचून एवढाच अर्थ काढते की हा आजार श्रीमंतांच्या खाण्यानं बरा होतो. आपल्या जवसात त्याच जातीची, वनस्पतीतली ओमेगा-३ चरबी भरपूर असते, हे कुणी लिहित नाही. जवसाची चटणी इथे घरोघरी होते. (ती औषध नाही, गोळ्यांच्या जागी चालत नाही, हेही त्याच ओळीत लिहावं लागेल.) मिठाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून एक सपाट चहाचा चमचा. पान म्हणतं ‘प्रक्रिया केलेले अन्न टाळा’. आमच्या घरातलं मीठ पाकिटातून येतं त्याहून जास्त वाळवणातून येतं. पापड, खारोड्या, दह्यातल्या मिरच्या, लोणचं, ठेचा. मोठ्या आईला ‘सोडियम’ सांगून काही झालं नाही. “जेवताना पापड नि लोणचं यातलं एकच, आणि ताटात वरून मीठ नाही,” असं म्हटल्यावर ती म्हणाली, “असं सांगाव ना मंग!”

जागा बदलली की सल्लाही बदलतो, आणि हे जीव वाचवण्याच्या बाबतीत सगळ्यात खरं आहे. ‘त्वरित नजीकच्या हृदयरोग केंद्रात दाखल व्हा’ हे वाक्य नागपुरात बसून लिहिता येतं. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर आहे, आणि गाव यवतमाळच्याही पलीकडे. अटॅकमध्ये हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जितक्या लवकर पडेल तितकं चांगलं. तेव्हा गावच्या माणसाला हवी असलेली माहिती वेगळी आहे. छातीत कळ, घाम, डावा हात किंवा जबडा भरून येणं, दम, मळमळ असं काही मिनिटं राहिलं तर ते पित्त समजून सोडा पीत बसू नका. शुगर असलेल्याला कळ न येताही अटॅक येतो, नुसता घाम आणि दम. १०८ लावा. मोटरसायकलवर मधे बसवून नेऊ नका. आणि आपल्या भागात ईसीजी रात्री कुठे निघतो, हे आज, धडधाकट असताना, विचारून भिंतीवर लिहून ठेवा. हे शेवटचं वाक्य मला आजवर एकाही पानावर दिसलेलं नाही.

राहिला एक आक्षेप, आणि तो तरुणांचा आहे. आता वाचतं कोण, व्हिडिओ करा. यात तथ्य आहे. अक्षर न येणाऱ्याला व्हिडिओ दिसतो, ऐकू येतो. चांगले डॉक्टर चांगले व्हिडिओ करतातही. पण गोळी घेण्याच्या घटकेला अकरा मिनिटांच्या व्हिडिओत ती एक ओळ शोधता येत नाही. कागद भिंतीला लावता येतो, व्हिडिओ नाही. शिवाय चांगला व्हिडिओ आधी कागदावर लिहावा लागतो आणि तिथे तो समजेल असा लिहिला नाही, तर ‘मेद’ हा शब्द ऐकूनही कळत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि राणी बंग यांनी आरोग्यदूतांच्या हातात मणी सरकवून बाळाचा श्वास मोजायचं साधन दिलं, म्हणजे मोजदाद न येणाऱ्या बाईलाही न्यूमोनिया ओळखता यावा. साधन कोणतं, हा तिथे दुय्यम प्रश्न होता. वापरणारी कोण, हे त्यांनी आधी पाहिलं. आणि त्याच डॉ. बंगांनी स्वतःच्या हृदयविकारावर मराठीत पुस्तक लिहिलं, तर ते घरोघरी वाचलं गेलं. मराठी माणसाला हृदयाबद्दल वाचायचं नसतं, हे तेवढ्यानं खोटं ठरतं.

आपल्या मातीत याचं सगळ्यात जुनं उदाहरण अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचं आहे. तेराव्या शतकात नागदेवाचार्यांनी केशवदेवांना संस्कृतात लिहिण्यापासून अडवलं, कारण त्यानं माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील (ज्ञानाला मुकतील), असा प्रसंग महानुभाव परंपरेत सांगतात. ज्ञान कुणासाठी, याचं उत्तर त्यांनी पंडिताकडे न पाहता समोर बसलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहून दिलं. त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. मला याचा मनापासून आनंद आहे, आणि म्हणूनच मागणं आहे. त्या विद्यापीठानं आणि विदर्भातल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी मिळून हे काम हाती घ्यावं. सेवाग्रामला १९६९ मध्ये देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं, ते याच विश्वासावर की वैद्यक गावाकडे चालत गेलं पाहिजे. त्याची भाषा मागे का राहावी? पंधरा-वीस पानं पुरेत. अटॅक, स्टेंटनंतर, कमजोर हृदय, बदललेली झडप, बीपी. डॉक्टरांनी लिहावं, भाषेच्या माणसानं घासावं, आणि मग गावात नेऊन पोराकडून मोठ्यानं वाचून घ्यावं. गाडगेबाबा कीर्तनात सांगत कमी, विचारत जास्त. प्रश्न टाकायचे, लोकांच्या तोंडून उत्तर वदवून घ्यायचे, उत्तर चुकलं तर पुन्हा दुसऱ्या वाटेनं विचारायचे. डॉक्टरांच्या शिक्षणात आता ‘सांगितलेलं रुग्णाकडून परत वदवून घ्या’ असं शिकवतात. शेंडगावच्या गाडगेबाबांना ते कीर्तनातून येत होतं.

मोठेबाबांच्या घरात आता खाटेच्या वर एक कागद चिकटवलेला आहे. नातीचं अक्षर, निळी शाई. पहिला कागद मी सांगितला, तिनं लिहिला, वाचून दाखवला. मोठेबाबांनी ऐकून विचारलं, “पिवळी कोनती नं पांढरी कोनती?” त्याच्या आदल्या महिन्यात मेडिकलवाल्यानं दुसऱ्या कंपनीची पट्टी दिली होती, तेव्हा रंग बदलला आणि त्यांनी जुनी नि नवी दोन्ही घेतल्या होत्या. दुसऱ्या कागदावर रंग काढून गोळीचं नाव आणि ‘गुठळी होऊ नये म्हणून’, ‘बीपीसाठी’, ‘चरबीसाठी’ असं समोर आलं, आणि खाली ‘रंग बदलला तर आधी दुकानात विचारा’. तोही वाचून झाला. मोठेबाबा जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “डॉक्टर म्हने एक वर्स. वर्स झालं का म्या बंद करू?” नातीनं माझ्याकडे पाहिलं. मग तिसरा कागद घेतला, सगळं पुन्हा लिहिलं, आणि शेवटच्या ओळीत भरलं, ‘वर्ष झालं तरी आपल्या मनानं बंद नाही. पहिले डॉक्टरले फोन.’